हॅकिंग आणि कायदा: ईव्हीएम उघडणाऱ्या इंजिनिअरवर नेमका गुन्हा कोणता लागला होता?

‘हॅकिंग शिकायचंय, पण पोलिसांचं लफडं तर होणार नाही ना?’ टेक्नॉलॉजीवर लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न ठरलेला आहे. विचारणारे बहुतेक अकरावी-बारावीचे नाहीतर डिप्लोमाचे. यूट्यूबवर दोन-चार कोर्स बघितलेले असतात, मोबाइलमध्ये टर्मक्स टाकलेलं असतं, आणि कुठल्यातरी वेबसाइटमध्ये काहीतरी ‘सापडलेलं’ही असतं.

यावर सगळीकडे एकच उत्तर फिरतं. हेतू चांगला असला की तुम्ही ‘एथिकल’, वाईट असला की गुन्हेगार. ऐकायला छान आहे, पण अर्धंच खरं आहे. आपल्या कायद्याचा पहिला प्रश्न हेतूचा नाहीच. पहिला प्रश्न असा की, परवानगी होती का? हेतूचं नंतर बघितलं जातं, आणि ते ‘नंतर’ येईपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

हे समजून घ्यायला आपल्याच राज्यातलं एक प्रकरण बघू. २०१० सालचं, मुंबईचं. तुमच्यापैकी काही जण तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागले असतील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ईव्हीएममध्ये घोटाळा होतो की नाही, हा या लेखाचा विषय नाही. तपासणाऱ्या माणसाचं कायद्यापुढे काय होतं, हा विषय आहे.

२०१० मध्ये झालं काय?

हरी प्रसाद हे हैदराबादचे इंजिनिअर. मतदान यंत्रं कितपत सुरक्षित आहेत, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. २००९ च्या लोकसभा निवडणुकीनंतर ईव्हीएमवर बरीच शंका घेतली गेली, तेव्हा निवडणूक आयोगाने टीकाकारांना सांगितलं की या आणि छेडछाड करून दाखवा. हरी प्रसाद यांची टीम गेली. पण मशीन उघडून आतली रचना तपासायला लागल्यावर ते प्रात्यक्षिक मध्येच थांबलं. मशीन बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या बौद्धिक संपदेचा मुद्दा पुढे आला. म्हणजे बाहेरून बघा, बटणं दाबा, पण आत बघायचं नाही.

फेब्रुवारी २०१० मध्ये एका अज्ञात माणसाने त्यांना अभ्यासासाठी एक खरं ईव्हीएम मिळवून दिलं. आपलं नाव कुठेही येऊ नये, ही त्याची अट होती. मग हरी प्रसाद, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक अ‍ॅलेक्स हाल्डरमन, नेदरलँड्सचे रॉप गोंग्राइप आणि त्यांचे सहकारी यांनी ते मशीन उघडून तपासलं. एप्रिल २०१० च्या शेवटी त्यांनी व्हिडिओसह निष्कर्ष जाहीर केले. पुढे हाच शोधनिबंध कॉम्प्युटर सिक्युरिटीच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला.

त्यांनी दोन गोष्टी करून दाखवल्या. पहिली, निकाल दाखवणारा डिस्प्लेचा भाग. तो काढून त्याच्या जागी तसाच दिसणारा दुसरा भाग बसवला. त्यात एक छोटी चिप आणि ब्लूटूथ लपवलेलं होतं. मोबाइलवरून उमेदवार निवडला की मोजणीच्या वेळी स्क्रीनवर बदललेले आकडे दिसत. मशीनच्या आत मतं बरोबरच होती, दाखवणारा खोटं दाखवत होता. दुसरी गोष्ट म्हणजे खिशात मावेल असं एक उपकरण. ते मशीनच्या मेमरी चिपला चिमट्यासारखं लावलं की मतदान झाल्यानंतर आणि मोजणीच्या आधी साठवलेली मतं बदलता येत होती.

आयोगाचं म्हणणंही लक्षात घ्यायला हवं. दोन्ही प्रकारांत मशीन प्रत्यक्ष हातात येऊन उघडावं लागतं. आणि खऱ्या निवडणुकीत मशीनला सील असतं, स्ट्राँग रूमला पहारा असतो, पक्षांचे प्रतिनिधी हजर असतात. म्हणून प्रयोगशाळेत जमलं ते मतदान केंद्रावर जमेलच असं नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. ही तपासणी जुन्या पिढीच्या मशीनची होती, हेही खरं.

आणि मग अटक

२१ ऑगस्ट २०१० च्या सकाळी मुंबई पोलीस हरी प्रसाद यांच्या हैदराबादच्या घरी पोहोचले. अटक करून त्यांना मुंबईला आणण्यात आलं. व्हिडिओत दिसलेलं मशीन मुंबईच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यातलं होतं आणि ते गोदामातून गेलं होतं. पोलिसांना हवं होतं एकच, ते मशीन देणाऱ्या माणसाचं नाव. हरी प्रसाद यांनी ते सांगितलं नाही. जवळपास आठवडाभर ते कोठडीत होते.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. गुन्हा कोणता लागला? ‘हॅकिंग’चा नाही. आरोप चोरीचे आणि घरफोडीचे होते. देशातल्या सर्वांत चर्चेतल्या सुरक्षा संशोधनावरची पोलीस कारवाई कायद्याच्या कागदावर एका चोरीला गेलेल्या सरकारी वस्तूची केस होती.

पोलिसांच्या बाजूनेही विचार करा. सरकारी गोदामातून मतदान यंत्र बाहेर जातं, ही साधी बाब नाही. ‘हे तुमच्याकडे आलं कुठून?’ हा प्रश्न विचारणं त्यांचं कामच आहे. एखाद्या संशोधकाला तो विचारूच नये, असं मीही म्हणणार नाही. पण त्या मशीनने दुसरा एक प्रश्न उभा केला होता: यात दाखवलेली उणीव खरी आहे का, आणि असेल तर ती कोण दुरुस्त करणार? पहिल्या प्रश्नासाठी पोलीस, कलमं, कोर्ट अशी सगळी यंत्रणा तयार होती. दुसऱ्या प्रश्नासाठी तसं काहीच नव्हतं. एका संशोधकाने पुरावा समोर ठेवला तर तो कुणी स्वीकारायचा, किती दिवसांत तपासायचा, त्याला काय उत्तर द्यायचं, याचा कुठलाही नियम नव्हता.

२८ ऑगस्टला मुंबईतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांना जामीन दिला. मशीन चोरीचं आहे असं धरलं तरी त्यांचा हेतू अप्रामाणिक दिसत नाही, ते उणीव दाखवायचा प्रयत्न करत होते, अशा आशयाचं मत त्यात होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्यांना पायोनियर पुरस्कार दिला. आणि डिसेंबरमध्ये हाल्डरमन आणि गोंग्राइप भारतात आले तेव्हा त्यांना दिल्ली विमानतळावर अडवून ठेवण्यात आलं. बऱ्याच तासांनी त्यांना आत सोडलं.

यातल्या गोंग्राइप यांनी हेच काम आधी स्वतःच्या देशातही केलं होतं. २००६ मध्ये त्यांच्या गटाने नेदरलँड्समधली मतदान यंत्रं उघडून त्यातल्या उणिवा टीव्हीवर दाखवल्या. तिथे सरकारने चौकशी आयोग नेमले आणि २००८ मध्ये ती यंत्रं बंद करून कागदी मतपत्रिका परत आणल्या. आपणही तसंच करायला हवं होतं असं नाही. आपली लोकसंख्या वेगळी, मशीन वेगळं, अडचणी वेगळ्या. फरक एवढाच बघा की तिथे आधी दाव्याची चौकशी झाली.

पंधरा वर्षांत काय बदललं?

बरंच बदललं. ८ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने व्हीव्हीपॅट टप्प्याटप्प्याने आणायला सांगितलं. म्हणजे मत दिल्यावर काचेमागे काही सेकंद दिसणारी ती चिठ्ठी. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून मशीनच्या आकड्यांशी ताडून बघतात. मशीनच्या स्क्रीनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, त्याला जोडून दुसरा स्वतंत्र पुरावा ठेवा, हे तत्त्व यात मान्य झालं. २०१० च्या प्रात्यक्षिकातला खोटा डिस्प्ले आठवला की हे का गरजेचं होतं ते कळतं.

पुढे २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण एक नवं दार उघडलं. निकालानंतर सात दिवसांत दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार लेखी मागणी करू शकतो. मग प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के मशीनच्या चिपची तपासणी होते. खर्च उमेदवाराचा, आणि छेडछाड निघाली तर पैसे परत.

पण तपासणी करतं कोण? मशीन बनवणाऱ्या कंपनीचेच इंजिनिअर. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायचं कारण नाही. तरीही ज्याने वस्तू बनवली त्यानेच ती तपासायची, ही पद्धत आपण दुधाच्या भेसळीत किंवा पुलाच्या बांधकामात पुरेशी मानत नाही. उमेदवाराला दार उघडलं, स्वतंत्र संशोधकाला अजून नाही.

याची दुसरी बाजू महाराष्ट्राने २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर बघितली. सय्यद शुजा नावाच्या, परदेशात असलेल्या माणसाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर धो-धो फिरला. ‘फ्रिक्वेन्सी वेगळी करून’ महाराष्ट्रातली ईव्हीएम हॅक करू शकतो, असा त्याचा दावा. ३० नोव्हेंबर २०२४ ला मुंबई सायबर पोलिसांनी राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या तक्रारीवरून त्याच्यावर गुन्हा नोंदवला. ईव्हीएमला वायफाय, ब्लूटूथ असं काही नसतं, ते कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं, असं आयोगाने स्पष्ट केलं. हरी प्रसाद यांच्या टीमलासुद्धा ब्लूटूथ आधी मशीन उघडून आत बसवावं लागलं होतं, हे लक्षात घ्या.

या दोन प्रकरणांतला फरक ओळखता येणं प्रत्येक मोबाइलवाल्याला जमलं पाहिजे. एकाने मशीन, पद्धत, व्हिडिओ आणि शोधनिबंध असं सगळं समोर ठेवलं आणि म्हणाला, तपासून बघा. दुसऱ्याने फक्त दावा केला. ‘हॅकर’ हा शब्द दोघांनाही लावला गेला. आणि तपासाचं अधिकृत, स्वतंत्र ठिकाण नसलं की लोकांना हा फरक करता येत नाही. मग खरा इशारा आणि थाप एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सारख्याच वेगाने फिरतात.

आता तुमच्यावर येऊ: एक आकडा बदलला तर?

ईव्हीएम तुमच्या हातात येणार नाही. पण वेबसाइट येते. समजा, एका क्लासच्या साइटवर तुमची फीची पावती उघडलीत. लिंकच्या शेवटी १०४१ आहे. सहज म्हणून १०४२ केलं, आणि दुसऱ्याच मुलीची पावती उघडली. नाव, पत्ता, वडिलांचा मोबाइल नंबर, सगळं. पासवर्ड तोडला नाही, कुठलं सॉफ्टवेअर वापरलं नाही. हा गुन्हा आहे का?

यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची दोन कलमं माहीत हवीत.

कलम ४३: मालकाच्या किंवा ती यंत्रणा सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर किंवा नेटवर्कमध्ये शिरणं, त्यातला डेटा डाउनलोड करणं किंवा कॉपी करणं यावर भरपाई द्यावी लागू शकते. यात कुलूप तोडलं का, असं विचारलेलंच नाही. ‘परवानगीशिवाय’ एवढंच पुरे. या दाव्यांचा निकाल राज्याच्या आयटी विभागाचे सचिव देतात. पाच कोटींपर्यंतचे दावे त्यांच्याकडे चालतात.

कलम ६६: तीच कृती ‘अप्रामाणिकपणे’ किंवा ‘कपटाने’ केली तर तो फौजदारी गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याच्या भाषेत अप्रामाणिक म्हणजे स्वतःला बेकायदा फायदा किंवा दुसऱ्याला बेकायदा नुकसान करण्याचा इरादा.

म्हणजे १०४२ उघडून तुम्ही थांबलात आणि क्लासला कळवलंत, तर कलम ६६ खाली दोषी ठरवणं कठीण आहे. पण कलम ४३ चा वाद उरतोच. आणि ‘बघू किती निघतात’ म्हणून स्क्रिप्ट लावून १ ते ५००० पावत्या उतरवून घेतल्यात, तर ‘मी फक्त कळवणार होतो’ हे पटवून देणं तुम्हाला फार जड जाईल.

सरकारने ‘संरक्षित यंत्रणा’ म्हणून जाहीर केलेल्या प्रणाली आणखी वेगळ्या. आधारचा मुख्य डेटाबेस त्यातला एक. तिथे परवानगीशिवाय शिरायचा प्रयत्नही गुन्हा आहे, आणि कलम ७० खाली शिक्षा दहा वर्षांपर्यंत. तिथे ‘सहज बघितलं’ चालत नाही.

डोणगावातून बघितलं तर

कागदावर कलम ६६ जामीनपात्र आहे. तपासही पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ही नोटीस कलम ३५(३) खाली येते. अशी नोटीस आली तर घाबरून पळायचं नाही. वकिलाला दाखवायची आणि दिलेल्या दिवशी हजर राहायचं.

पण मी मेहकर तालुक्यातल्या डोणगावात बसून हे लिहितोय, आणि इथून हा हिशोब वेगळा दिसतो. तक्रार कंपनी जिथे आहे तिथे होऊ शकते, म्हणजे मुंबई, बंगळुरू, गुरुग्राम. सर्व्हरच्या नोंदीत तुमचा आयपी पत्ता सापडतो आणि त्यावरून सिम कोणाचं ते निघतं. गावाकडे बहुतेक पोरांचं सिम बाबांच्या नावावर असतं. म्हणजे पहिली विचारपूस बाबांकडे. ते शेतात असतात आणि ‘एपीआय’ म्हणजे काय हे त्यांना माहीत नसतं. मोबाइल जप्त होऊन फॉरेन्सिकला जातो, तो कधी परत येईल सांगता येत नाही. तारीख लागली की ट्रॅव्हल्सने रात्रभर प्रवास, वकिलाची फी, एक दिवसाची मजुरी बुडाली. शेवटी निर्दोष सुटलात तरी तोपर्यंतच्या पोलीस भरतीच्या, सैन्य भरतीच्या अर्जात ‘आपल्यावर गुन्हा दाखल आहे का?’ या रकान्यात काय लिहायचं?

हरी प्रसाद यांच्यामागे जगभरातले प्राध्यापक उभे राहिले. डोणगावच्या किंवा लोणारच्या बारावीच्या पोरामागे कोण उभं राहील? म्हणूनच ‘हेतू चांगला असेल तर काही होत नाही’ हा सल्ला मला बेजबाबदार वाटतो.

बाहेर काय चाललंय?

हा घोळ फक्त भारतात नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एका पत्रकाराला दिसलं की सरकारी वेबसाइटच्या पानाच्या कोडमध्ये शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी नंबर आहेत. ब्राउझरमध्ये ‘सोर्स बघा’ केलं की कोणालाही दिसतील असे. त्याने आधी सरकारला कळवलं, ते दुरुस्त होईपर्यंत बातमी थांबवली. तरीही राज्याच्या गव्हर्नरने त्याला हॅकर म्हणत कारवाईची भाषा केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरणार नाही असं सांगितलं.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने धोरणच जाहीर केलं, की प्रामाणिक हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर हॅकिंगच्या कायद्याखाली खटले भरू नयेत. बेल्जियम त्याच्याही पुढे गेला. फेब्रुवारी २०२३ पासून तिथे कायद्यातच संरक्षण आहे. अटी आहेत: नुकसान करायचा इरादा नको, उणीव सिद्ध करायला लागेल तेवढंच करायचं, लवकरात लवकर सरकारी सायबर केंद्राला कळवायचं, आणि त्यांच्या संमतीशिवाय जाहीर करायचं नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे दारं उघडताहेत, पण किलकिली. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था उणिवांचे रिपोर्ट स्वीकारते, त्यासाठी तिचं जाहीर धोरण आहे. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूचा कोड खुला केला आणि उणीव शोधणाऱ्यांना बक्षीस जाहीर झालं. याच अ‍ॅपच्या सुरुवातीच्या अटींमध्ये आतली रचना उलगडून बघायला मनाई होती, हे गंमतीशीर आहे. २०२२ मध्ये आधार प्राधिकरणानेही बक्षीस योजना आणली, पण निवडक २० जणांसाठी.

कमतरता कुठे आहे? सर्ट-इनला तुम्ही कळवलंत म्हणून तुमच्यावर केस होणार नाही, असं आयटी कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांना सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत सर्ट-इनला द्यावी लागते. पण एखाद्या विद्यार्थ्याने त्यांना उणीव कळवली तर त्याला उत्तर द्यायची मुदत कोणत्याही कायद्यात नाही.

यात २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा धरा. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. डेटा नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला त्यात २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. या भीतीने काही कंपन्या तुमचा मेल जास्त गांभीर्याने वाचतील. काही मात्र उलट करतील. उणीव कबूल करण्यापेक्षा कळवणाऱ्यालाच ‘हल्लेखोर’ ठरवणं सोपं पडेल. संशोधकाला संरक्षण नसेल तर हा दंडाचा कायदा त्याच्यावरच उलटू शकतो.

मग शिकायचं कसं?

शिकायचं नक्की. या क्षेत्रात माणसं कमी आहेत आणि त्यासाठी पुण्यात राहावंच लागतं असं नाही. फक्त हे पाळा:

१. सुरुवात स्वतःच्या वस्तूंपासून. तुमचा जुना फोन, तुमचं राउटर, तुमच्या लॅपटॉपमधली व्हर्च्युअल मशीन. शेजाऱ्याचं वायफाय यात बसत नाही, ‘तो आपलाच मित्र आहे’ तरी.

२. सरावासाठी मुद्दाम कच्ची बनवलेली फुकट अ‍ॅप्स आहेत. ‘ज्यूस शॉप’ त्यातलं एक. १०४१ चं १०४२ करायची सगळी हौस तिथे भागते.

३. खऱ्या साइटवर हात लावायचाच असेल तर हॅकरवन, बगक्राउडसारख्या ठिकाणी कंपन्यांनी जाहीर केलेले कार्यक्रम बघा. तिथली ‘स्कोप’ची यादी म्हणजे तुमची लेखी परवानगी. यादीत नसलेल्या पत्त्यावर ती लागू नाही.

४. उणीव चुकून दिसली तर तिथेच थांबा. खात्रीसाठी आणखी दहा पानं उघडू नका. दुसऱ्याचा डेटा सेव्ह करू नका, मित्राला पाठवू नका. तारीख, वेळ आणि नेमकं काय केलं ते लिहून ठेवा. स्क्रीनशॉट लागलाच तर दुसऱ्याचं नाव-नंबर झाका.

५. कळवताना ईमेलनेच कळवा. काही साइटवर ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल असते, त्यात पत्ता दिलेला असतो. उत्तर आलं नाही किंवा साइट सरकारी असेल तर सर्ट-इनकडे जा. गावातल्या साइटचं काही असेल तर शिक्षकांना किंवा माहितीतल्या वकिलाला सोबत घ्या.

६. ‘इतके पैसे द्या, नाहीतर जाहीर करतो’ हे वाक्य कधीही लिहू नका. ते बक्षीस मागणं राहत नाही, न्याय संहितेतल्या कलम ३०८ च्या खंडणीत मोडू शकतं. तुमचा सगळा चांगला हेतू त्या एका ओळीत जातो.

७. कळवायच्या आधी इन्स्टावर रील टाकू नका. उणीव दुरुस्त व्हायच्या आत ती जगजाहीर झाली तर नुकसान त्या १०४२ नंबरच्या मुलीचं होतं. कंपनीचं त्या मानाने कमीच.

माझं मत

हरी प्रसाद यांनी अज्ञात माणसाकडून सरकारी मशीन घेतलं ते बरोबर की चूक, यावर दोन मतं असू शकतात. पण त्याआधी त्यांनी राजरोस परवानगी मागितली होती आणि आत बघायची परवानगी मिळाली नव्हती, हे विसरून चालणार नाही. सरळ रस्ता बंद ठेवला की माणसं आडवाटेने जातात. मग आपण आडवाटेबद्दल शिक्षा करतो आणि सरळ रस्ता बंदच राहतो.

आयटी कायद्यात एक छोटं कलम वाढवलं तरी खूप फरक पडेल. नुकसान केलं नाही, गरजेपुरतंच बघितलं, डेटा ठेवला नाही आणि ठराविक दिवसांत सर्ट-इनला कळवलं, तर त्या माणसावर गुन्हा नोंदवायच्या आधी सर्ट-इनचं मत घेणं पोलिसांना बंधनकारक करा. त्यासोबत कंपन्यांना आणि सरकारी खात्यांना उत्तर द्यायची मुदत घालून द्या. यामुळे चोर सुटणार नाहीत, कारण चोर कळवायला येत नाही. कळवायला येतो तो पोरगा, ज्याचं सिम बाबांच्या नावावर आहे.

असं कलम येईल तेव्हा येईल. तोपर्यंत लेखी परवानगी नसलेल्या कुठल्याही सिस्टिमला हात लावू नका, आणि चुकून काही दिसलंच तर वरचे चौथा आणि पाचवा मुद्दा परत वाचून मगच पुढचं पाऊल टाका.